एवढा पीळ बसू दे

कानसेना,

हे पत्र आहे, पण ते टाकायला पेटी नाही हे मला ठाऊक आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला असल्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. तू गेलास त्याला आता आठ महिने होतील. या आठ महिन्यांत तुझ्यावर दोन लेख छापून आले. एकात तुला 'ध्वनिवारशाचा मूक सेवक' म्हटलंय. तू आणि मूक! दुसऱ्यात फोटोच चुकीचा आहे, तुमच्या ऑफिसातल्या लिफ्टवाल्याचा. तो बिचारा जिवंत आहे आणि लोक त्याच्याकडे बघून चुकचुकतात. तेव्हा म्हटलं, आपणच लिहावं आणि खरं ते लिहावं. तुझं तुलाच काय सांगायचं, म्हणून इथून पुढे मी तुला 'तो' म्हणणार आहे, आणि मला 'बाई', तू म्हणायचास तसं. त्यात एक सोय आहे. बाईच्या चुकीपाशी आले की मला हात आखडता घेता येणार नाही.

तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की त्याला उठून उभं राहावं लागे. बत्तीस वर्षं त्याने तिथे तारा जोडायच्या तापलेल्या झाळेचा धूर खाल्ला. कान मात्र असा, की बंद रेडिओच्या पाठीवर टिचकी मारून आत काय सुटलंय ते सांगायचा. घरी पुढच्या खोलीत बायको शिवणाला बसलेली असायची, हा स्वयंपाकघरातून ओरडायचा, "अगं, मशीनला तेल घाल, डावीकडून कुरकुरतंय!" बायको म्हणायची, "माझी कुरकुर तेवढी ऐकू येत नाही यांना."

पुढे लोकांनी रेडिओ दुरुस्त करणं सोडलं. बिघडला की फेकायचा. दुकान बंद झालं तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याच सुमाराला राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाला माणूस हवा होता. देशभरातून गोळा केलेल्या जुन्या फिती, गाणी, गाऱ्हाणी, गोष्टी, अंगाया, सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं होतं. कॉम्प्युटर चालवणारी मुलं ढीगभर मिळाली, पण फिती वाजवणारी जुनी मशीनं त्यांना जुमानेनात. एकाचं बोट रिळात अडकलं, दुसऱ्याने फीत उलटी लावून अर्धा दिवस एका म्हाताऱ्याची गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकली आणि ही कुठली बोली म्हणून अहवाल लिहिला. मग याला बोलावलं. सहा महिन्यांच्या करारावर आला आणि चौदा वर्षं राहिला.

खोली तळघरात होती. भिंतींना फोमच्या गाद्या, पोलादी मांडण्या, आणि एक एसी. तो माणसांसाठी नव्हता, फितींसाठी होता; माणसांनी स्वेटर घालायचे. जुनी फीत दमट होऊन चिकटते, मग तिला मंद आचेच्या कपाटात आठ तास शेकवायची. शेकलेली फीत एकदा, फार तर दोनदा नीट वाजते, नंतर तिच्यावरचा तपकिरी लेप भुकटी होऊन हातात येतो. म्हणजे त्या फितींनी तोंड उघडायचं ते एकदाच, आणि समोर ऐकायला तो. हे त्याला फार लागायचं. फीत चढवण्याआधी तो तिला हळूच म्हणायचा, "बोला, घाई नाही." साहेबांनी हे एकदा ऐकलं आणि त्याचं नाव कानसेन ठेवलं. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख, माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना दर तीन महिन्यांनी आकडा वर पाठवावा लागे.

एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. त्याची आई तो चार वर्षांचा असताना तापाने गेली. फोटो नाही, हस्ताक्षर नाही. आत्याने वाढवलं. आत्याला एवढंच ठाऊक, की आई बंदराजवळच्या शेडमध्ये दोर वळायला जायची, चाकावर बसायची आणि गायची. "कॉलेजातली माणसं मशीन घेऊन आली होती रे," आत्या सांगायची, "तुझ्या आईचा आवाज त्यात भरून घेऊन गेली. पुन्हा कुणी आलं नाही." हे एकच वाक्य मनात धरून तो त्या तळघरात आला होता. दहा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या आया ऐकल्या.

अकराव्या वर्षी एका कॉलेजच्या माळ्यावरून खोकी आली. ज्या सरांनी त्या फिती भरल्या होत्या ते कधीच वारले होते. त्यांची त्या वेळची विद्यार्थिनी तेवढी हयात होती. शिकवून शिकवून निवृत्त झालेली, घरात बसून वैतागलेली. ती म्हणजे बाई. वही घेऊन आली, खुर्ची पुसली आणि म्हणाली, "सुरू करा. मला चारची बस आहे."

एक्केचाळीस नंबरची फीत फिरू लागली. आधी एक चिवचिवता आवाज आला, "फीत क्रमांक एक्केचाळीस. दोरांची शेड. चाकावरचं गाणं."

"ही कोण चिमणी?" त्याने विचारलं.

"ती चिमणी मी आहे," बाई म्हणाल्या. "पुढे ऐका."

मग बायका गाऊ लागल्या. एक पुढे म्हणायची, बाकीच्या मागून ओढायच्या. मागे चाकाची घरघर. दुसऱ्या कडव्यात एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. पुढे म्हणणारीने गाणं न तोडता, दोन ओळींच्या मधल्या फटीत, म्हटलं, "आले रे, आले. एवढा पीळ बसू दे." आणि ओळ पुन्हा उचलली. शेवटी लोखंडावर घण पडल्यासारखा टोल झाला, जेवणाच्या सुट्टीचा. फीत संपली.

त्याची बोटं रिळावर तशीच होती. मग म्हणाला, "बाई, चाकावर कोण होती ते वहीत आहे का?"

बाईंनी पान शोधलं. "चाकावर, डोक्याला तांबडा रुमाल. मूल चार वर्षांचं, सारखं अंगाशी."

"ते मूल मी."

"कशावरून?" बाईंचा स्वभाव तसाच, पुरावा मागितल्याशिवाय त्यांनी कुणाला पास केलं नव्हतं.

"रडण्यावरून. अजून तसाच रडतो, बायकोला विचारा." आणि तो खरोखरच रडायला लागला. चारची बस गेली.

फीत दुसऱ्यांदा वाजली नाही; लेप सगळा भुकटी होऊन खाली पडला होता. पण कॉम्प्युटरवर आई चढली होती. त्याची एक प्रत त्याने घरी नेली. रोज सकाळी दाढी करताना तो ती लावायचा. आवाज बारीक होता, जरा नाकात, आणि गाणं धावतं. होता होता त्याने त्या आवाजाला एक आई जोडली. किडकिडीत, लगबगीची, सगळी कामं पळत करणारी. बायकोला सांगायचा, "आई फार चपळ होती हं." चपळ माणसं त्याला आवडू लागली. रस्त्यात एखादी बाई भरभर चालत गेली तरी तो वळून बघायचा आणि बायकोच्या डोळ्यांत यायचा.

इकडे त्या गाण्याचं नशीब फळफळलं. संग्रहाने ते वेबसाइटवर टाकलं आणि लोकांनी उचललं. फोनच्या घंटीला लावलं, व्यायामशाळांत वाजवलं. शाळांच्या स्पर्धांत मुली हातात नायलॉनची दोरी घेऊन त्या तालावर गरगर फिरायच्या, शेवटी दोन-तीन चक्कर येऊन पडायच्या. साहेब म्हणाले, "बघ कानसेन, वारसा कसा पोहोचतो ते! एक्केचाळीस नंबरने सगळे आकडे मागे टाकले." नोंदीवर ठळक अक्षरांत 'मूळ ध्वनी' असं लिहिलेलं होतं. त्यालाही अभिमान वाटला. आई देशाच्या तोंडी होती.

दोन वर्षांनी संग्रहाने श्रवणदालन उघडलं. गुबगुबीत खुर्च्या, प्रत्येकीला हेडफोन. उद्घाटनाला ज्यांच्या घरची गाणी आहेत अशा काही जणांना बोलवा, अशी वरून सूचना होती. त्याने स्वतः शोधून दोरांच्या शेडमधली एक मावशी आणली. फितीतल्या बायकांतली तेवढी एकच उरली होती. पंचाहत्तरीची, हाताचे तळवे अजून खरबरीत, मांजराच्या जिभेसारखे. तिला मधल्या खुर्चीवर बसवलं, हेडफोन घातले. बाईही तिथेच होत्या, चहा पुचाट आहे म्हणून कुणाला तरी ऐकवत.

मावशीने अर्धं कडवं ऐकलं आणि हेडफोन काढून त्याच्या हातात दिले.

"हे आमचं नव्हे."

"मावशी, तुमचंच आहे. मागून ओढणाऱ्यांत तुम्ही आहात."

"शब्द आमचेच. गाणं आमचं नव्हे. इतक्या घाईत पीळ दिला तर पेड धरतच नाही रे, सुटतो. जहाजाचा दोर आहे तो, वेणी नव्हे. या चालीवर दोर वळला असता तर मुकादमाने हाकलून दिलं असतं."

साहेब पुढे आले, "आजी, जुनी गोष्ट आहे, विसरला असाल."

"मी विसरेन," मावशी म्हणाली, "हात कसे विसरतील?" तिने दोन्ही तळवे हवेत एकमेकांवरून फिरवले आणि पुटपुटत गाणं म्हणू लागली. हळू. इतकं हळू की एका ओळीत हा दोनदा श्वास घेऊन बसला.

तरी त्याने विचारलं, "आणि पुढे म्हणणारी? ती चपळ होती ना? तिचा आवाज तरी...?"

"हा? ही चिरचिर?" मावशी हसली. "अरे, ती म्हणू लागली की रिकाम्या हौदात बोलल्यासारखं घुमायचं. पलीकडच्या धक्क्यावरचे हमाल थांबायचे. आणि चपळ म्हणशील तर नाव काढू नकोस, जागची उठायला अर्धा तास घ्यायची. आम्ही तिला गोगलगाय म्हणायचो."

ती त्याची आई आहे हे मावशीला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याने तळघरात येऊन दार लावून घेतलं. मागोमाग बाई आल्या. काय झालं असणार ते वर दालनात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. छप्पन्न वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली.

सरांनी त्या दौऱ्यासाठी मशीनचे सहा नवे सेल त्यांच्या हवाली केले होते. बाई तेव्हा विशीतल्या. मुक्कामाला वीज नव्हती आणि एक कादंबरी अर्धी राहिली होती. त्यांनी तीन नवे सेल टॉर्चमध्ये घातले आणि टॉर्चमधले तीन जुने मशीनमध्ये. मशीन चालतंय तर चालतंय, कुणाला कळतंय! अर्धमेल्या सेलवर मशीन मंद फिरलं. मंद भरलेली फीत पुढे नीट वेगाने वाजवली की सगळं उलट, गाणं पळतं आणि आवाज चिरका होतो. चिमणी चिवचिवली ती म्हणून.

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?" त्याने विचारलं.

"चूक माहीत होती. तिचा परिणाम ऐकायला मी कधी बसलेच नाही. सरांनी फिती माळ्यावर टाकल्या, मी नोकरीला लागले. इथे तुमच्यासोबत ऐकलं तेव्हा वाटलं, विशीत सगळ्याच चिवचिवतात."

तो बराच वेळ मशीनवरची धूळ बोटाने पुसत राहिला. बाईंना वाटलं, आता ओरडेल, ओरडलेलं बरं.

"कादंबरी तरी चांगली होती का, बाई?"

"नाव आठवत नाही," बाई म्हणाल्या. आयुष्यात कुठल्याही परीक्षेत त्यांना इतकी शरम वाटली नव्हती.

आता वेग कमी करायचा म्हटलं तर कॉम्प्युटरवर ते सोपं होतं. पण किती कमी? शेडमध्ये वीज नव्हती, म्हणून विजेची जी घुंई इतर फितींत मागे येते आणि जिच्यावरून वेग मोजता येतो, ती इथे नाही. गळ्याला माप नसतं. त्याने अंदाजाने गाणं चार टक्के हळू केलं, मग पाच, मग सहा, असं करत चौदापर्यंत. अकरा प्रती झाल्या. आणि घोळ असा, की अकराही खऱ्या वाटायच्या. चारला आई थोडी वैतागलेली, सातला समजूतदार, नवाला सुंदर. बाराला दमलेली, आणि चौदाला, तो म्हणायचा, आजारीच असावी. "आले रे, आले. एवढा पीळ बसू दे." तेच शब्द, कुठे त्यात हसू होतं, कुठे माया, कुठे नुसता कंटाळा. याला एवढंच हवं होतं, की आईने आपल्याला ते कसं म्हटलं.

बायको म्हणाली, "एक सासू नशिबात नव्हती म्हणून निवांत होते. तुम्ही अकरा आणून बसवल्यात घरात."

हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. ती उठून गेली आणि मशीनला उगाचच तेल घालत बसली.

त्याने साहेबांना सांगितलं, ही फाइल काढून घ्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. "लोकांना आवडलंय ते असंच. आणि काढून ठेवू काय तिथे? तुझ्या अकरा? खरी एक आण, लगेच बदलतो." बोलणं चुकीचं नव्हतं. नोंदीत 'शेरा' म्हणून एक चौकोन असतो, त्यात चाळीसच अक्षरं मावतात. त्याने सही करायच्या आधी त्यात लिहिलं, 'वेग चुकीचा. खरा वेग माहीत नाही.' 'मूळ ध्वनी'च्या बरोबर खाली. साहेबांनी वाचलं, नाक मुरडलं, पण पुसलं नाही.

मग तो आणि बाई अकरा प्रती घेऊन मावशीकडे गेले. मावशीच्या मुलीच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घातलेल्या गॅलरीत बसून मावशीने तीन ऐकल्या आणि तिन्हींना मान डोलावली.

"मावशी, तिन्ही कशा बरोबर असतील?"

"तू इतका आशेने बघतोस, नाही कसं म्हणू?" मावशी म्हणाली. आता तिला ठाऊक होतं तो कोणाचा कोण ते, आणि त्या दिवशीच्या 'गोगलगाय'बद्दल तिने दोनदा त्याच्या गालावरून हात फिरवला होता. "मला नको विचारू. माझे कान गेले. तो रूळ अजून आहे तिथे, त्याला विचार."

"कुठला रूळ?"

"टोल द्यायचा. लोखंडाचा तुकडा, शेडच्या दाराशी साखळीला टांगलेला. शेड पडली, तो कुणी नेला नाही. जड आहे मेला."

तो ताडकन उभा राहिला, डोक्याला ओला टॉवेल लागला. बाईंना क्षणभर उमगेना. मग तोच भराभरा सांगू लागला, रेडिओ दुकानात सांगायचा तसा. फितीच्या शेवटी टोल आहे. माणसाचा गळा बदलतो, लोखंडाचा बदलत नाही. तोच रूळ आज वाजवला आणि त्याचा स्वर नीट भरून घेतला, की फितीतला टोल त्याच्यापेक्षा किती चढा आहे ते मोजता येईल. जितका टोल चढा, तितकीच आई चढी. एक ठोका. फक्त एक ठोका हवा होता.

"उद्याच जाऊन या," बाई म्हणाल्या.

"तुमच्याशिवाय नाही. सेल तुम्ही बदललेत, टोल तुम्हीच मारायचा. हातोडी आणा, लोखंडी. लाकडीने चालणार नाही."

बंदर बसने तीन तासांवर. गुरुवार ठरला. गुरुवारच्या आधी बाईंच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. "एवढं डोळ्याचं होऊ दे," बाई फोनवर म्हणाल्या. डोळ्याचं झालं. मग सोसायटीच्या टाकीचं काम निघालं, चिटणीस बाईच. त्यांच्यावाचून टाकी बांधली जाणार नाही असं त्यांना वाटत होतं. "एवढी टाकी होऊ दे." मग खोकला. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "होऊ दे की, रूळ कुठे पळतोय?" बाईंना त्याच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटायचं.

खरं कारण बायकोला ठाऊक होतं. एका सकाळी गाल साबणाने माखलेले असताना तो तिला म्हणाला होता, "खरी एक कळली की बाकीच्या दहा जातील गं." त्याला भीती वाटत होती. बारा टक्केवालीच खरी निघाली तर? आईने ते दमून, वैतागून म्हटलेलं निघालं तर? अर्ध्या शतकानंतर मिळालेलं एकच वाक्य, ते न मोजलेलं बरं होतं. तरी त्याने रेकॉर्डर पिशवीत घालून ठेवला होता, नवे सेल घालून. जादा सहा सेल वर रबर लावून.

एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता तो स्टुलावर बसला, तो बसलाच. नऊ टक्क्यांची आई लावलेली होती. बायको सांगते, गाणं संपून टोल झाला आणि नळ वाहतच राहिला म्हणून ती बघायला गेली.

इथे मला 'तो' म्हणणं पुरे झालं.

तुझ्या दिवसकार्याला तुझ्या बायकोने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "बाई, मला घरात यांच्या अकरा आया ठेवून काय करायचंय? एकच ठेवते. कोणती ठेवू?" चाळीस वर्षं मी वर्गात उत्तरं दिली. त्या दिवशी म्हटलं, थोडं थांब, मी जाऊन येते बंदरावर.

गेले नाही. आता डोळा बरा होता, टाकी बांधून झाली होती, खोकला नव्हता. दोन महिने मी घरात बसून होते आणि रूळ तिथे टांगलेला होता. कारण विचारू नकोस. तुझ्याशिवाय त्या बसमध्ये बसायचं माझ्याच्याने होईना.

तिसऱ्या महिन्यात मावशीच्या मुलीचा फोन आला. रूळ नेला. चोरांनी नव्हे, वस्तुसंग्रहालयाने! तुमच्या एक्केचाळीस नंबरची एवढी ख्याती झाली, की त्या शेडची उरलेली वस्तू राष्ट्राने जपायची असं ठरलं. मी बघायला गेले. गंज खरवडून, वर काळा रंग देऊन, चार पकडींत आवळून काचेच्या पेटीत ठेवलाय. खाली पाटी, 'हात लावू नये'. शेजारच्या पडद्यावर त्याचं हुबेहूब चित्र आहे. बोट लावलं की गरकन फिरतं, आडवं, उभं, पोटाकडून. कुठल्याही बाजूने बघता येतं. बोटाने त्याच्यावर टिचकी मारून पाहिली. फिरलं नुसतं. पलीकडे स्पीकरवर तुझी आई धावत होती, आणि शाळेची एक रांग तिच्यासोबत गात होती, तोंडपाठ, चुकीच्या वेगात, अगदी सुरात.

मी अर्ज केला. पेटी उघडून एक ठोका मारू द्यावा, पकडी सैल करून. उत्तर आलं, वस्तूस इजा पोहोचू शकते. मी दुसरा अर्ज केला. त्यावर साहेबांनीही सही केली, हे तुला सांगायला हवं. त्याचं उत्तर यायचंय.

तुझी बायको अजून विचारते. शिवण खाली ठेवत नाही, मान वर करत नाही, नुसतं म्हणते, "बाई, कोणती?" अकराही ठेवल्यात तिने. सकाळी नऊ टक्क्यांची लावते, तुझी वेळ झाली की.

हातोडी माझ्या दाराच्या खुंटीला पिशवीत आहे. लोखंडी आणली, तू म्हणालास तशी. खुंटी वाकायला लागली आहे.